उलटा धवला

साईं, त्या चार मिनिटांच्या व्हिडिओला खरोखर काय काय लागलं, ते आज एकदा मांडतो. अडीच किलो हळद. पायलीभर तांदूळ, जे नंतर कोंबड्यांनी टिपले. मुंबईच्या मोठ्या स्टुडिओत, चित्र मागे चालवणाऱ्या मशीनसमोर मिळालेला एक तास. दोन ऑडिओ कॅसेटी, त्यातली एक पोट फाडून पुन्हा शिवलेली. तुमची पांढरी सफारी, कारण हळद लागली की लागली. आणि माझी मावशी. पहिल्या पाच गोष्टींबद्दल तुम्ही मरेपर्यंत कुरकुरत राहिलात. सहावीची तुम्हाला खबर नव्हती, आणि ती मी लागू दिली नाही.

मागच्या महिन्यात अंबरनाथ पूर्वेला एका हॉलमध्ये माझा सत्कार झाला. शाल, नारळ, आणि एक काचेची ट्रॉफी. घरात ठेवायला जागा नाही आणि टाकायला धीर होत नाही, अशी. ‘आपल्या पट्ट्यातल्या गाण्यांच्या व्हिडिओचे पहिले कारागीर’ असं निवेदिका माझ्याबद्दल म्हणाली. तुमचं नाव आलं नाही. मीही आठवण करून दिली नाही. मग त्यांनी तो व्हिडिओ पडद्यावर लावला आणि माइक माझ्या हातात दिला. तीस वर्षं जे सांगत आलोय तेच सांगितलं. म्हटलं, “मंडळी, आज तुमच्या फोनवर बोट टेकवलं की व्हिडिओ उलटा होतो. तेव्हा माणूस उलटा करायला लागायचा. लग्नात गातात तो अख्खा धवला मी नुसत्या कानानं उलटा उतरवला, एका अडाणी बाईकडून तीन दिवसांत पाठ करून घेतला, आणि ती काय गातेय याचा तिला शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही. अहो, इंग्लंडमध्येसुद्धा गाणाऱ्याला माहीत असतं तो काय गातोय ते!” टाळ्या पडल्या. शिट्ट्या पडल्या. पहिल्या रांगेतले एक पाहुणे तर शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारून हसले. लोकांना हसवायची कला मी तुमच्याकडूनच उचलली. फक्त तुम्ही समोरच्याला हसायचात, मी गैरहजर माणसाला हसतो. धंद्याला ते बरं पडतं.

उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात तुमचं दुकान होतं. पुढे भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटी, मागच्या खोलीत लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग. मी एकवीस वर्षांचा, बापाच्या ओळखीनं कारखान्यात चिकटायचं सोडून रस्ते मोजत फिरणारा. त्या दिवशी दारात उभा राहून नुसता आतला टीव्ही बघत होतो. एक गिऱ्हाईक कॅसेट आपटून सांगत होतं की प्रिंट खराब आहे, आणि तुम्ही गळ्याला हात लावून शपथा घेत होतात, “ओरिजिनल है साईं, माँ कसम, एकदम मास्टर से निकाला है.” मी सहज बोलून गेलो, “तिसरी कॉपी आहे ही. मागे सूं वाजतंय ना, त्याचे तीन थर आहेत.” गिऱ्हाईक पैसे परत घेऊन गेलं. तुम्ही काउंटरला वळसा घालून बाहेर आलात. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. तुम्ही माझा कानच धरलात आणि दिव्याखाली नेऊन बघितलात, बाजारात बैलाचे दात बघतात तसा. “बाहेर खडा होके बोलेगा तो मेरा नुकसान,” तुम्ही म्हणालात, “अंदर बैठके बोलेगा तो फायदा. कल से आ जा.”

तुमची बहीण लंडनला दिलेली. दर दोन-तीन महिन्यांनी कोणा येणाऱ्याच्या बॅगेतून ती कॅसेट पाठवायची. आत तिकडच्या टीव्हीवरची गाणी. गाणं लागलं की ती धावत जाऊन रेकॉर्डचं बटण दाबायची, म्हणून प्रत्येक गाण्याची पहिली दोन सेकंदं उडालेली असायची. आजही इंग्रजी गाणं सुरुवातीपासून ऐकलं की मला कोणीतरी पुढे काही जास्तीचं चिकटवल्यासारखं वाटतं. अमेरिकेतल्या मेव्हण्याच्या कॅसेटी आपल्या मशीनमध्ये घातल्या की चित्र काळंपांढरं होऊन लोळायला लागायचं. त्यांची पद्धत वेगळी. आपली आणि इंग्रजांची एकच. “गोरा गया, मगर मशीन का सिस्टम छोड के गया,” तुम्ही म्हणायचात. दुपारी दीडला शटर अर्धं खाली यायचं, तुम्ही दाल-पकवानचा डबा उघडायचात आणि तुमची शाळा भरायची.

तुम्ही शिकवायचात की ही कला आळसातून जन्मली. तिकडच्या गाणाऱ्या पोरांना देशोदेशीच्या टीव्हीवर जाऊन तेच ते गाणं गायचा कंटाळा आला, म्हणून त्यांनी आपल्याऐवजी फिल्मचा तुकडा पाठवला. मग चित्रकलेच्या शाळांतून निघालेली, सिनेमात कोणी उभी न केलेली पोरं यात घुसली. जवळ काही नाही, म्हणून एक पांढरी भिंत, एक धुराचं मशीन, एक पंखा. मातीच्या बाहुल्या केसाएवढ्या हलवून एकेक चित्र घेतलं, आणि त्या नाचल्या. गाणं दुप्पट वेगानं लावलं, गाणाऱ्यानं दुप्पट वेगानं ओठ हलवले, मग चित्र निम्म्या वेगावर आणलं: ओठ बरोबर गाण्यावर, आणि बाकीचं जग पाण्याखाली असल्यासारखं. एका बाईनं अख्खं गाणं एकटीनं, कॅमेरा कुठेही न तोडता नाचून दाखवलं होतं. ते तुम्ही मला अकरा वेळा दाखवलंत आणि अकराव्यांदा विचारलंत, “कट किधर है?” मी म्हणालो, नाहीच. “तो एडिटरने क्या किया?” काहीच नाही. तुम्ही पकवान मोडलंत. “वो कुछ नहीं करने को बीस साल लगते हैं, पुट.” सिंधीत पोराला तुम्ही पुट म्हणायचात. पुढची गाणी, ज्यात जहाजं आली, वाळवंटं आली, केसांचे डोंगर झाले, ती तुम्ही पळवत पुढे न्यायचात. “पैसा आया, बीमारी आयी.” तुमच्याएवढं बारीक बघणारा माणूस मी नंतर बघितला नाही. तुमच्याएवढा दुष्टही नाही.

आठवतं का, मी पहिली हळद एकट्यानं एडिट केली तो दिवस? ढोलकीच्या प्रत्येक ठोक्यावर मी कट टाकला होता, एकही इकडेतिकडे नाही. आठवडा घातला होता त्यात. ज्यांची हळद त्या घरचे सात-आठ जण कॅसेट न्यायला आले होते. त्यांना तुम्ही खुर्च्या दिल्यात, थंडा मागवलात, टीव्ही त्यांच्याकडे वळवलात आणि माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणालात, “ये देखो, हमारा मिस्तरी. ठोका पडा, कट मारा. ठोका पडा, कट मारा. क्यों रे, व्हिडिओ बनवलास की लादी बसवलीस?” ते हसले. नवरदेव हसला. मग तुम्ही माझा तोच कान धरलात. “भगवानने इसको कान दिया, आँख देना भूल गया.” मीही हसलो, साईं. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो. आणि त्या दिवशी ठरवलं की हा माणूस ज्या गोष्टीवर थक्क होईल अशी एक तरी गोष्ट कानानं करून दाखवायची. लोक म्हणतात महत्त्वाकांक्षा. मला तर तो एक लांबलेला राग वाटतो.

मग ती उलटी कॅसेट आली. एक गोरा भरल्या रस्त्यातून गात येतोय, आणि बाकीचं सगळं मागे जातंय: माणसं, सायकली, फुटलेली काच पुन्हा खिडकीत जाऊन बसतेय. फक्त त्याचे ओठ सुलटे. तुम्ही ते पाच-सहा वेळा बघितलंत आणि मांडीवर बुक्की मारलीत. “साला उलटा गाया है! गाना पीछे से याद किया है इसने!” त्याच आठवड्यात हेंद्रेपाड्याचे ते शेतवाले आले. भाताची जमीन बिल्डरला गेलेली, पोरीचं लग्न काढलेलं, “लंडनसारखा पायजे” एवढंच बोलणं. तुम्ही त्यांना शब्द देऊन बसलात. त्यांच्या घरी धवला गाणार होती माझी मावशी.

तुम्हाला तेव्हा मी समजावून सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं नव्हतं. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात एकेका विधीला जे गाणं लागतं तो धवला, आणि गाते ती धवलारीण. भटजीच्या आधी तिचा मान. मावशी हेंद्रेपाड्याची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, लिहिता-वाचता येत नाही, पण तिनं पाऊल ठेवल्याशिवाय मांडवात हळद भिजत नव्हती. चाळीस वर्षं ती त्या गावात मानानं बसली ती या एका गाण्यावर. मी विचारायला गेलो तेव्हा ती पाटावर बसून वाल सोलत होती. ऐकून हसली नाही, रागावली नाही. “नाय रं बाला,” म्हणाली. “धवला बांदाचा असते. पैले गाव, मंग देव, मंग वाडवडील, मंग मांडव, मंग हलद, शेवटाला पोर. उलटा गायला त पोरीपासून उसवत येल. दुसरं काय बी सांग.”

मी दुकानात येऊन तसंच सांगितलं. मला वाटत होतं विषय मिटला. तुम्ही कंगव्यानं भुवया सारख्या करत होतात. “तो सीधा बोलना जरूरी है क्या?” तुम्ही म्हणालात. “बोल सिंधी आशीर्वाद है. बोल, मेरे साईं की माँ गाती थी. बेचारी सिंध में सब छोडके आयी, एक गाना लेके आयी. बुढिया रो देगी, गा देगी.” तुमच्या आईला मधे तुम्ही आणलंत, साईं. मी फक्त निरोप पोचवला. असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय, आणि निरोप्याला कोणी फाशी देत नाही.

मावशीचा सुलटा धवला मी आधीच टेप करून आणला होता. कॅसेटचे पाच स्क्रू काढले, आतली फीत पलटी करून बसवली. आता गाणं शेवटाकडून सुरुवातीकडे वाजायला लागलं, तोंडावर उशी दाबल्यासारखं घुसमटत. दोन दिवस ते ऐकत बसलो. उलट्या गाण्यात शब्द शेपटीकडून सुरू होतो. आधी नाद येतो, मग आघात. जिथे श्वास टाकायचा तिथे ओढल्यासारखा वाटतो. त्याचे बावीस तुकडे केले, घोटले आणि मावशीच्या चुलीपाशी जाऊन बसलो. ती आईची गोष्ट सांगितली. मावशी रडली, तुम्ही म्हणाला होतात तशीच. मग शिकायला बसली. पहिल्या तुकड्याला म्हणाली, “तुज्या सिंद्याच्या आयशीला उचकी लागली व्हती कं रं गावाच्या येलेला?” दोघंही पोट धरून हसलो. पण तिचं घेणं! एकदा ऐकायची, डोळे मिटायची, आणि तुकडा माझ्या तोंडून निघाला त्याहून स्वच्छ तिच्या तोंडून बाहेर यायचा. कान आमच्या घरात तिच्याकडून आलाय, हे मी सत्कारात सांगत नाही. तिसऱ्या दिवशी तिनं बावीसच्या बावीस ओळीनं म्हणून दाखवले आणि मला वालाचं बिरडं वाढलं.

शूटिंग तुम्ही उभं केलंत, आणि ते मी नाकारणार नाही, सुंदर उभं केलंत. मांडवात नवरी पाटावर. तिच्याकडे तोंड ठेवून मावशीनं तिच्यापासून मागे मागे जायचं, अंगणातून, गल्लीतून, विहिरीपर्यंत, उलटं गात. पडद्यावर तेच विहिरीकडून नवरीकडे सुलट येणार होतं. बाकीच्यांनी नेहमीसारखं वागायचं: हळद लावायची, तांदूळ टाकायचे, म्हशी हाकायच्या. तुम्ही हळदीनं भरलेली सफारी झटकत ओरडत होतात, “पीछे, माई, पीछे! मुंडी ऊपर! कॅमेरे में देख!” मी कॅमेऱ्याच्या बाजूला, तुकड्यांच्या खुणांसाठी बोटं दाखवत तिच्यामागोमाग पुढे सरकत होतो. बायका पदर तोंडात घालून हसत होत्या. “म्हातारीच्या आंगात आलं कं?” एक म्हणाली. दुसरी म्हणाली, “आंगात नाय, दारू पाजलीय टीव्हीवाल्यानं.” पोरं तिच्यासारखी उलटी चालून दाखवत होती. साठीची बाई, जिच्या पायाला त्या गावानं आजवर पाणी घातलं होतं. विहिरीच्या पायरीला टाच लागून सालटं निघालं. ओठ थांबले नाहीत. तुम्ही म्हणालात, “क्या बाई है!” आणि लगेच, “एक बार और.”

त्या वेळी मला एक गोष्ट दिसायला हवी होती. पडद्यावर सगळं उलटं होणार, तर मग बायकांनी शूटिंगला नवरीची हळद पुसायला हवी होती, म्हणजे बघताना ती चढली असती. लावली, म्हणजे बघताना उतरणार. चार माणसांच्या घरातल्या कोणीही हे सांगितलं असतं. तुम्हाला हळदीचा रंग दिसला, मला ओठ दिसले. पण तुम्हीच तर म्हणाला होतात, मला डोळा नाही.

लग्नानंतर पाचपरतावणाला नवरा-नवरी पोरीच्या माहेरी जेवायला आली तेव्हा तिथल्या अंगणात टीव्ही मांडला. अर्धा गाव जमला होता. मावशीला पुढे सतरंजीवर बसवलेलं. पहिल्या मिनिटाला माणसं वेडी झाली. म्हशी मागे चालतायत, सांडलेलं पाणी उडून तांब्यात शिरतंय, आणि त्या सगळ्यातून एकटी मावशी सरळ, शांत, धवला गात येतेय. गाव, देव, वाडवडील. माझा प्रत्येक तुकडा ओठांवर असा बसला होता की मला स्वतःला काटा आला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी त्या एका नजरेसाठी तीन वर्षं तुमचे पकवानाचे डबे घासले होते. मग मांडव आला. नवरीच्या गालावरून बायकांच्या बोटांनी हळद उचलली. एकेक बोट येत होतं आणि एकेक पट्टा घेऊन जात होतं. तिच्या डोक्यावरचे तांदूळ उडाले आणि टाकणाऱ्यांच्या मुठीत परत गेले. शेवटी पोर कोरी बसलेली, आणि समोर मावशी, गात.

नवरीची आजी पुढेच होती. ती कोणाला उद्देशून बोलली नाही. “हलद उतरली गं पोरीची,” म्हणाली. मग थोड्या वेळानं, “तांदूल बी परत घेतलान.” तुम्ही उठून हात उडवत सांगायला लागलात, “ट्रिक है माई, लंडन की ट्रिक है! सब उलटा गाया है बुढिया ने!” तुम्हाला वाटलं तुम्ही सावरताय. तोवर उलटं गायलंय हे कोणाच्या डोक्यातही नव्हतं. सगळी डोकी मावशीकडे वळली. ती सतरंजीचा दोरा ओढत बसली होती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला हेडफोन दिलात, बहिणीनं तुमच्यासाठी पाठवलेले, मोठे, काळ्या गादीचे. विचारलंत, “बुढिया को सच में पता नहीं चला?” मी म्हणालो, “तसूभर नाही.” तुम्ही माझ्या डोक्यावर स्वतःच्या हातानं ते चढवलेत. “आज तेरे को आँख आयी, पुट.” व्हिडिओची कॉपी तुम्ही लंडनला पाठवलीत. पुढच्या कॅसेटबरोबर चिठ्ठी आली, ती तुम्ही मला वाचून दाखवलीत, हसत: छान केलंयस, पण हे आता इथे लहान मुलांच्या कार्यक्रमातही दाखवतात. त्यानंतर दोन दिवस शटर वर गेलं नाही. बहिणीच्या एका ओळीनं तुम्ही एवढे मोडलात, हे बघून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

शिमग्याच्या आत ती पोर माहेरी परत आली. नवरा प्यायचा आणि मारायचा, हे लग्नाआधीपासून अख्ख्या गावाला माहीत होतं. पण दोष द्यायला दारूपेक्षा म्हातारी सोपी. मी त्याच घरी जादाच्या कॉपी पोचवायला गेलो होतो. गावदेवीच्या देवळापाशी आठ-दहा बायकांनी मावशीला अडवलेलं. व्हिडिओवाल्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं. त्याचं काय, त्याचं मशीन. तोंड तर हिचं. पोरीची आजीच पुढे होती. “येक सांग,” ती म्हणाली, “तुला ठावं व्हतं कं, त्यो उलटा हाय?” मावशीनं माझ्याकडे बघितलं नाही. मी दहा पावलांवर होतो, खांद्याला कॅसेटींची पिशवी. एकच वाक्य लागत होतं: तिला फसवलं, मी फसवलं. तुमचा नियम होता की गिऱ्हाईकाला ट्रिक सांगायची नाही. मी नियम पाळला. मावशी म्हणाली, “व्हय. ठावं व्हतं.”

तुम्हाला मी येऊन सांगितलं की म्हातारी मोठेपणापायी खोटं बोलली. आपल्याला गंडवलं हे कबूल करण्यापेक्षा पाप पत्करलं तिनं. तुम्ही म्हणालात, “आर्टिस्ट है.” आणि विषय संपला.

त्यानंतर तिला एकाही मांडवात बोलावलं नाही. ती बदलापूरच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसायला लागली. माझ्या लग्नात तिनं गावं म्हणून आईनं पदर पसरला. पण माझ्या सासरच्यांनी आधीच निरोप धाडला होता की धवलारीण दुसरी बघा, नाहीतर नको. दुसरी मिळाली नाही. मग मी तीच कॅसेट लावली, मावशीच्या सुलट्या धवल्याची, फीत पुन्हा सरळ करून. एका जागी ती मुरगळलेली होती, तिथे आवाज पाण्यात गेल्यासारखा बुडायचा. मावशी मागच्या खुर्च्यांवर बसून स्वतःला ऐकत होती. बुडायची जागा आली की तिचे ओठ हलायचे; तेवढा तुकडा ती भरून काढत होती, आवाज न काढता. नंतर अकरा वर्षं जगली. मी दर दिवाळीला साडी नेत असे. ती दरवेळी किंमत विचारी, आणि महाग आहे म्हणून मला रागवी. दुसरं काही कधी बोलली नाही.

तुम्ही तिच्या आधी गेलात. झटका आल्यावर मी बघायला आलो, तर तुमच्या तोंडातून जे निघत होतं ते कुठल्याच भाषेचं नव्हतं. तुमची सून रडत होती. मी बाहेर येऊन म्हणालो, “साईंना मशीनवर उलटं चालवून बघा, सरळ ऐकू येईल.” तुमच्या दुकानातली पोरं हसली. तुम्ही शिकवलेलं वाया गेलं नाही. नंतर बहिणीच्या कॅसेटी तुमच्या मुलानं मला भंगारात दिल्या. त्या वेळी कोऱ्या मिळत नव्हत्या. मी त्यांच्यावर हळदी रेकॉर्ड केल्या. अकरा वेळा दाखवलेली ती न तोडता नाचणारी बाईसुद्धा गेली. तिच्यावर शिरगावची कोणाची तरी वरात आहे. आज त्याच शिरगावात माझा स्टुडिओ आहे, हिरव्या पडद्याचा, आणि तुमचे हेडफोन खुंटीला आहेत. डावी बाजू वाजत नाही.

हे सगळं आज लिहायला बसलो ते त्या सत्कारामुळे. इतकी वर्षं तो व्हिडिओ मी टीव्हीवर आणि फोनवर बघितला. त्यात मावशीचा चेहरा अंगठ्याएवढा. हॉलमध्ये तो दोन पुरुष उंच होता. तुम्ही तिला कॅमेऱ्यात बघायला सांगितलं होतं. ती कॅमेऱ्यात बघत नाहीये, साईं. पूर्ण चार मिनिटं ती कॅमेऱ्याच्या थोडं बाजूला बघतेय, जिथे मी बोटं दाखवत उभा होतो. गातेय, टाच सोलून निघालीय, आणि माझ्यावरून नजर काढत नाहीये. मी माइक हातात घेऊन त्या नजरेखाली उभा राहिलो, आणि नेहमीचं तेच सांगितलं, आणि टाळ्या घेतल्या.

तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं; दुकानाच्या पाट्यासुद्धा तुम्ही माझ्याकडून वाचून घ्यायचात. हे पत्र मी मुद्दाम मराठीत लिहिलंय. हिंदीत लिहिलं असतं तर कोणी ना कोणी तुम्हाला वाचून दाखवलं असतं, अशी एक खुळी भीती मला अजून वाटते. कारण निरोप्याला फाशी नसते हे खरं, पण मी नुसता निरोप्या नव्हतो. मावशीला शिकवलं त्या तीन दिवसांतल्या मधल्या दिवसाचं मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, आणि वरही टाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातवा तुकडा म्हणता म्हणता ती थांबली. चुलीतलं लाकूड मागे ओढलं. म्हणाली, “यो त माजाच धवला हाय.” मी म्हणालो, “नाय मावशी, सिंदी हाय.” तिनं विचारलं, “तुजं काम आडलंय कं याच्यावर?” मी हो म्हणालो. मग तिनं आठवा तुकडा मागितला.